काच उलटी ठेवा, म्हणजे कशी?

‘काच उलटी ठेवा.’ तीन शब्दांचे हे वाक्य आमच्याच टिपणात होते आणि लिहिताना त्यात काही चूक असेल असे कोणालाही वाटले नव्हते. सोलापुरातल्या आमच्या शाळेत काही शिक्षक आणि नववी-दहावीचे विद्यार्थी यांनी मिळून एक चित्रकंदील तयार केला होता. काचेवर काढलेले चित्र तो कापडावर मोठे करून दाखवतो. कंदील जमला, म्हणून तो कसा केला हे आम्ही लिहून काढले आणि शहरातल्याच दुसऱ्या एका शाळेला काचांसह ते टिपण दिले. त्या मुलांनी टिपण वाचून स्वतःचा कंदील बनवला आणि आम्हाला पाहायला बोलावले. चित्र आमच्यापेक्षा स्पष्ट दिसत होते. फक्त आमच्या पडद्यावर गिरणीची जी चिमणी डाव्या हाताला उभी राहिली होती, ती त्यांच्या पडद्यावर उजवीकडे गेली होती. काच तीच होती. मग खरी गिरणी कोणती?

या प्रश्नाकडे आपण येऊच. त्याआधी कंदील.

काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर टाकण्याची युक्ती साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. हॉलंडचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास असा कंदील केला. त्यासाठी त्यांनी काढलेली छोटी रेखाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांत एक सांगाडा स्वतःची कवटी उचलून हातात घेताना दिसतो. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये अशा कंदिलाचे खेळ सुरू केले आणि त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. शांबरी विद्या म्हणजे मायावी विद्या, जादू. इंग्रजीतल्या ‘मॅजिक लँटर्न’चेच हे संस्कृत रूप. पुराणांतले प्रसंग काचांवर हाताने रंगवलेले असत. काचा भराभर बदलून पात्रे हलत असल्याचा भास निर्माण केला जाई आणि जोडीला निवेदन व संगीत असे. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे पटवर्धनांची चित्रे त्याआधी चार वर्षे पडद्यावर हलत होती.

या खेळातल्या अनेक काचा जपल्या गेल्या आहेत, ही मोठीच गोष्ट. पण काच हातात घेतली की फक्त चित्र कळते. ते पडद्यावर किती क्षण राहिले, त्या वेळी निवेदक काय बोलत होता, पुढची काच सावकाश आली की झटक्यात, हे काच सांगू शकत नाही. दिवा मालवला की पडद्यावर काहीच उरत नाही. म्हणून आम्ही सुरुवातीपासूनच एक वही घातली होती. ती वही कुठे कमी पडली ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

सावली आणि प्रतिमा

विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न होता, ‘भिंग कशाला? दिव्यापुढे चित्र धरले तर भिंतीवर पडेलच की.’ प्रश्न योग्य आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्यात भिंग नसतेच. कापडाच्या मागे दिवा आणि कापडाला जवळजवळ टेकवलेली बाहुली. सावली सुलटी पडते. बाहुली कापडापासून दूर नेली तर सावली मोठी होते, पण कडा पुसट होतात. याचे कारण दिवा हा बिंदू नसतो, त्याला स्वतःचा आकार असतो. ज्योतीच्या प्रत्येक भागातून वेगळी सावली पडते आणि त्या सगळ्या एकमेकींवर थोड्या सरकून बसतात. सावली मोठीही हवी आणि रेखीवही हवी, हे सावलीच्या खेळात एका मर्यादेपलीकडे जमत नाही.

भिंग वेगळेच काम करते. चित्राच्या एका बिंदूतून निघून भिंगावर सर्वत्र पसरलेले किरण ते पडद्यावर पुन्हा एका बिंदूत आणते. ही सावली नव्हे, वास्तव प्रतिमा आहे. आणि वास्तव प्रतिमा उलटी असते. पाठ्यपुस्तकात हे वाक्य आपण वर्षानुवर्षे शिकवतो.

आमच्याकडे वाचनाची गोल भिंगे होती. त्यातले एक खिडकीसमोर धरून मैदानापलीकडच्या झाडाची प्रतिमा मागच्या भिंतीवर घेतली आणि पट्टीने अंतर मोजले. ते २० सेंमी भरले. हेच भिंगाचे नाभीय अंतर. आता काच भिंगापासून किती अंतरावर ठेवायची? पुस्तकातल्या सूत्रात धन-ऋण चिन्हांचे संकेत असतात. इथे फक्त लांबी विचारात घेतली तर नाभीय अंतराचा व्यस्त हा काचेच्या आणि पडद्याच्या अंतरांच्या व्यस्तांच्या बेरजेइतका असतो. पडदा भिंगापासून ३ मीटरवर असेल तर काच २१.४ सेंमीवर येते. पडदा ६ मीटरवर नेला तर २०.७ सेंमीवर. म्हणजे पडदा तीन मीटर सरकला तर भिंग जेमतेम सात मिलिमीटर सरकवायचे! मुलांना हे खरे वाटत नव्हते. पुठ्ठ्याच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या केल्या, बाहेरच्या नळीवर मिलिमीटरच्या खुणा केल्या आणि त्यांनी स्वतःच ते पडताळून पाहिले.

चित्र किती मोठे होईल हे काढायला आणखी सोपी रीत आहे. पडद्याच्या अंतराला नाभीय अंतराने भागा आणि एक वजा करा. ३०० भागिले २० म्हणजे १५, त्यातून १ गेला, १४. आमची काच ६ सेंमी बाजूची चौकोनी होती, तेव्हा पडद्यावर ८४ सेंमीचे चित्र. सहा मीटरवर हेच विशालन २९ होते आणि चित्र पावणेदोन मीटरचे. मुलांना अर्थातच मोठे चित्र हवे होते. मग क्षेत्रफळ काढायला लावले. पहिले चित्र सुमारे ०.७ चौरस मीटर, दुसरे सुमारे ३ चौरस मीटर. प्रकाश तेवढाच, आणि तो चौपटीहून अधिक जागेवर पसरायचा. मोठे चित्र फुकट मिळत नाही. आम्ही तीन मीटरवर थांबलो.

प्रकाश कुठे जातो?

खोक्यात १० वॅटचा एलईडी, त्याच्यापुढे उजेड सारखा पसरावा म्हणून ट्रेसिंग पेपर, मग काच, मग भिंग. पहिल्या दिवशीचे चित्र इतके मंद होते की पाहणाऱ्यांना ते दाखवावे लागले. दिवा कमजोर आहे, ५० वॅटचा आणू, असे सगळ्यांचे मत पडले. दिवा आणण्यापूर्वी हिशेब करून पाहू, असे आम्ही म्हटले.

ट्रेसिंग पेपरमधून आलेला उजेड सर्व दिशांना पसरतो. त्यातला जो भिंगाच्या दिशेने जातो तेवढाच उपयोगी. भिंगाचा व्यास ७.५ सेंमी, ते काचेपासून २१ सेंमीवर. हिशेबाने काचेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशातला शेकडा ३ भाग भिंगात शिरतो. बाकीचे ९७ भाग खोक्याच्या आतल्या बाजूंना जाऊन आपटतात. पाचपट मोठा दिवा आणला असता तर पाचपट प्रकाश पुठ्ठ्यावर आपटला असता आणि पुठ्ठा तापला असता.

जुन्या कंदिलांत याचे उत्तर होते. काचेच्या मागे, दिव्याच्या बाजूला, आणखी एक जाड भिंग बसवलेले असे. हे भिंग चित्र मोठे करत नाही. दिव्याचा पसरणारा उजेड गोळा करून तो काचेतून पार नेत बरोबर पुढच्या भिंगावर आणून सोडणे, एवढेच त्याचे काम. आम्ही २० सेंमी नाभीय अंतराची दोन भिंगे एकमेकांना चिकटवून बसवली. दोन्ही मिळून नाभीय अंतर १० सेंमी होते. दिवा त्यांच्या मागे साधारण १८ सेंमीवर ठेवला की दिव्याची प्रतिमा समोरच्या भिंगावर पडते. ट्रेसिंग पेपर काढून टाकला. मोबाइलमधला प्रकाशमापक कितपत अचूक असतो याबद्दल आम्हाला शंका आहे, पण आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत सुमारे चौपटीचा फरक होता. दिवा तोच.

इथे एक चूक झाली. ही मागची भिंगेही प्रथम ७.५ सेंमी व्यासाची घेतली होती. काच ६ सेंमीची, तेव्हा पुरेल असे वाटले. चित्राचे चारही कोपरे काळे आले. एका मुलाने पट्टी काचेवर तिरपी ठेवून दाखवले की कर्ण साडेआठ सेंमी आहे. पायथागोरसचे प्रमेय पाठ असणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे सुचले नव्हते. मग ९ सेंमी व्यासाची भिंगे आणली.

आणि एक फायदा न मागता मिळाला. चित्राच्या कडा पूर्वीपेक्षा रेखीव दिसू लागल्या. साध्या भिंगाच्या कडेजवळून जाणारे किरण मधल्या किरणांबरोबर नेमके एका बिंदूत येत नाहीत, त्यामुळे प्रतिमा पुसट होते. आता सगळा प्रकाश पुढच्या भिंगाच्या मधल्या सुमारे सव्वा सेंमीच्या भागातून जात होता. कडेच्या भागाला कामच उरले नव्हते. म्हणजे उजेडही वाढला आणि रेखीवपणाही.

एकोणिसाव्या शतकात या दिव्याचे काम तेलाची ज्योत करत असे, किंवा हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्वाळेत तापवलेला चुन्याचा तुकडा. चुन्याचा उजेड झगझगीत, पण हे दोन वायू हाताळणे म्हणजे जीवावरचा खेळ. एलईडीने ही भीती घालवली आहे. तरी त्याला मागे ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लागतो, खोक्याला हवा खेळायला भोके लागतात आणि पेटलेल्या दिव्याकडे भिंगातून पाहू नये, हे प्रत्येकाला बजावावे लागते.

पिवळा रंग काळा का दिसला?

काचा रंगवायला मुलांनी प्रथम पोस्टर कलर घेतले. काचेवर सुंदर पिवळे दिसणारे ऊन पडद्यावर काळेकुट्ट उमटले. पांढऱ्या रंगाने काढलेले ढगसुद्धा काळे! कागदावरचे चित्र आपण परावर्तित प्रकाशाने पाहतो. इथे प्रकाश रंगातून आरपार जायला हवा. पोस्टर कलरमधले कण प्रकाश अडवतात. काचेवर रंगवण्याचे पारदर्शक रंग किंवा पारदर्शक कागदावर लिहायची रंगीत पेने चालतात. पांढरा रंग हवा असेल तिथे काहीच लावायचे नाही, काच कोरी सोडायची. ही गोष्ट चित्रकलेच्या तासाला एकदा करून पाहावी. परावर्तन आणि पारगमन यांतला फरक फळ्यावर सांगून एवढा पटत नाही.

चौदापट विशालनात एक मिलिमीटरची रेघ दीड सेंमीची होते. बोटाचा ठसा तळहातापेक्षाही मोठा होतो. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी माग आहेत. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर विणण्याआधी चौकटीच्या कागदावर मांडतात, एकेक चौकट म्हणजे एकेक धागा, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आपणहून काचेखाली आलेखकागद ठेवून चित्रे काढली आणि त्यांच्याच काचा सर्वांत नीट झाल्या.

एकूण सात काचा झाल्या. नावाची एक, सिद्धेश्वराचे मंदिर आणि तलाव, भुईकोट किल्ला, बंद पडलेली एक कापडगिरणी, माग, चादर आणि शेवटी आमच्या शाळेचा रस्ता.

दोन बाजूंचा पडदा

आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांना चित्र भिंतीवर नको होते. लोकांनी समोर बसून पाहावे असे न करता त्यांना त्यामधून चालता यावे, असे त्यांचे म्हणणे. याला ते मांडणशिल्प म्हणतात. म्हणून शाळेच्या मोठ्या खोलीत मधोमध एक पातळ पांढरे धोतर टांगले. कापड पातळ असल्याने चित्र दोन्ही बाजूंनी दिसते. कंदिलाच्या बाजूने पाहणाऱ्याला परावर्तित प्रकाशाचे आणि पलीकडून पाहणाऱ्याला आरपार आलेल्या प्रकाशाचे.

पलीकडच्या बाजूला एक अडचण होती. धाग्यांमधल्या फटींतून कंदिलाचे भिंगच ताऱ्यासारखे चमकताना दिसे. कापड ओले केले तर जास्त पारदर्शक होते, जुने कंदीलवाले तसे करत. आम्ही करून पाहिले आणि फरशीवर दोघे घसरले. शेवटी कंदील उंच कपाटावर चढवला, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा, भिंग आणि चित्र एका रेषेत येत नाहीत. पण कंदील खाली झुकवला की चित्राचा खालचा भाग भिंगापासून अधिक दूर पडतो आणि म्हणून अधिक रुंद होतो. वर ३ मीटर आणि खाली ३.३ मीटर अंतर असेल तर खालची कड दहा टक्क्यांनी मोठी. आम्ही धोतराचे खालचे टोक कंदिलाच्या दिशेने ओढून बांधले आणि चौकोन पुन्हा चौकोन झाला. इमारतींवर चित्रे टाकणारे आजचे कलावंत हीच दुरुस्ती संगणकात करतात. दोरीनेही भागते.

दुसरी अडचण मात्र दोरीने सुटणारी नव्हती. एका बाजूने पाहताना जे डावीकडे असते ते पलीकडून पाहताना उजवीकडे असते. नावाची काच कोणत्याही एकाच बाजूने वाचता येणार. आम्ही नाव कंदिलाच्या बाजूने सुलटे ठेवायचे ठरवले आणि पुढे गेलो. हा निर्णय टिपणात लिहायचा राहिला.

जानेवारीत अंधार लवकर पडतो. तीन संध्याकाळी आम्ही हे चित्रकंदिलाचे मांडणशिल्प उघडे ठेवले. गल्लीतली माणसे आली, धोतराच्या अलीकडून पलीकडे फिरली.

आठ रीती

आता त्या दुसऱ्या शाळेकडे वळू. टिपणात भिंगांची नाभीय अंतरे, व्यास, दिव्याचे अंतर, पडद्याचे अंतर, प्रत्येक काच किती सेकंद ठेवायची, तेव्हा काय बोलायचे हे सगळे होते. आणि ‘काच उलटी ठेवा’ हेही होते.

मराठीत काच उलटी ठेवणे म्हणजे काय? डोके खाली, पाय वर करणे म्हणजे उलटे. पण पोळी उलटणे, पुस्तकाचे पान उलटणे, सदरा उलटा घालणे? तिथे दुसरी बाजू वर येते. आमच्या मनात पहिला अर्थ होता. त्या मुलांनी दुसरा घेतला. त्यांनी काच पोळीसारखी, वरची कड खाली घेत पालथी केली.

यात काय होते ते पाहा. भिंग वर-खाली आणि डावे-उजवे अशी दोन्ही अदलाबदल करते. काच तिच्याच पातळीत अर्धा फेरा फिरवली तर या दोन्हींची भरपाई होते. पालथी केली तर फक्त वर-खालीची भरपाई होते, डावे-उजवे तसेच राहते. चित्र पायावर उभे दिसते आणि म्हणून बरोबर वाटते. सिद्धेश्वराच्या मंदिराचे आमच्या मुलांनी काढलेले चित्र जवळपास समरूप होते, डावी बाजू उजवीसारखीच. त्यात चूक दिसणे शक्यच नव्हते. मागात दिसली नाही, चादरीत दिसली नाही. नावाच्या काचेवरची अक्षरे मात्र आरशातल्यासारखी आली. मुलांनी काय करावे? आमच्याकडून अक्षरे चुकीची लिहिली गेली असणार, असे समजून त्यांनी ती खरवडली आणि उलट दिशेने पुन्हा लिहिली! आता सगळे जुळले. तर्क अगदी सरळ होता. मूळ गृहीत चुकले होते, आणि ते आमच्यामुळे.

चौकोनी काच चौकटीत एकंदर किती रीतींनी बसू शकते, हा प्रश्न मग आम्ही दोन्ही शाळांतल्या मुलांना एकत्र बसवून घातला. कागदाचा चौकोन घ्या, त्यावर ‘ग’ लिहा आणि मोजा. चार कडांपैकी कोणतीही वर येऊ शकते, आणि दोन बाजूंपैकी कोणतीही समोर. चार दुणे आठ. आठांतली एकच बरोबर. ‘ग’ऐवजी ‘ठ’ लिहिला तर आठ रीती वेगळ्या ओळखू येत नाहीत, कारण ‘ठ’ डावीउजवीकडे सारखाच आहे. तपासणीसाठी नेहमी समरूप नसलेली आकृती घ्यावी, हे मुलांना इथे आपोआप कळले.

जुन्या कंदीलवाल्यांनी या आठ रीतींवर एक साधा उपाय शोधला होता. चित्र सुलटे दिसेल अशी काच समोर धरायची आणि तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात कागदाचा एक ठिपका चिकटवायचा. काच अर्धा फेरा फिरवली की हा ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो, म्हणजे काच चौकटीत सरकवणाऱ्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. अंधारातही अंगठ्याला कागद लागला की काच बरोबर आहे. ठिपका अंगठ्याकडच्या बाजूलाच असल्याने पुढचे-मागचेही ठरते. एका ठिपक्याने आठांतून एक निवडली जाते. आम्ही आमच्या सातही काचांवर ठिपके लावले आणि ठिपक्यावरच काचेचा क्रमांक लिहिला.

टिपणातले वाक्यही बदलायचे होते. काय लिहावे यावर बराच वेळ गेला. एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या घरी तेलुगूत तलकिंदुलु म्हणतात.’ तल म्हणजे डोके, किंद म्हणजे खाली. कन्नड बोलणाऱ्या एका मुलाने सांगितले, त्यांच्याकडे तलेकेळगु, अर्थ तोच. या दोन्ही भाषांत ही घोटाळ्याची जागाच नाही. सोलापुरात तीन भाषा बोलल्या जातात हे आम्ही नेहमी अभिमानाने सांगतो. त्याचा उपयोग विज्ञानाच्या टिपणात होईल असे कधी वाटले नव्हते. आता आमच्या टिपणात असे वाक्य आहे: ‘चित्र सुलटे वाचता येईल अशी काच पडद्याकडे तोंड करून धरा. ठिपका खाली डावीकडे दिसला पाहिजे. आता काच न पालटता तिला शीर्षासन घालायला लावा.’ शीर्षासन हा शब्द मुलांचा.

त्याखाली आणखी दोन ओळी वाढवल्या. पडदा कंदिलाच्या बाजूने पाहायचा की पलीकडून, ही पहिली. अंतर भिंगाच्या मध्यापासून मोजायचे, नळीच्या तोंडापासून नव्हे, ही दुसरी. कारण तीही आम्ही गृहीत धरली होती.

छायाचित्रांबद्दल थोडे. पहिल्या संध्याकाळी काढलेल्या बहुतेक फोटोंत कोरे पांढरे धोतर आहे. फ्लॅशचा उजेड आमच्या चित्रापेक्षा कितीतरी अधिक असतो, त्यात चित्र बुडून जाते. फ्लॅश बंद केला तर मोबाइल अंधार पाहून चित्र इतके उजळवतो की रंग फिके पडतात. मोबाइल स्टुलावर टेकवावा, पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून उजेड आपल्या हाताने कमी करावा आणि मग फोटो घ्यावा. पडद्याचा एक फोटो, आणि काच खिडकीला धरून, ठिपका दिसेल असा दुसरा. आमच्याकडे पहिल्या प्रकारचे मोजके होते, दुसऱ्या प्रकारचा एकही नव्हता. काचेचा तसा फोटो असता तर चिमणीचा वाद उभाच राहिला नसता, असे तेव्हा वाटले.

पण तसे नव्हते. गिरणीचे चित्र एका विद्यार्थ्याने घरातल्या जुन्या फोटोवरून काढले होते. फोटो काचेखाली ठेवून गिरवला, की काचेवर उजेडासमोर धरून मागून, हे त्याला आठवेना. फोटो नातेवाइकांबरोबर परगावी गेला होता. म्हणजे ठिपका लावायचा तरी चित्राच्या कोणत्या बाजूला सुलटी म्हणून? सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. नंतर अनेक झाल्या आणि बंदही पडल्या. आमच्या चित्रातल्या गिरणीच्या जागी आता वेगळेच बांधकाम आहे.

मग त्या गिरणीत उमेदीची वर्षे काढलेल्या एका आजोबांना शाळेत बोलावले. धोतरावर चित्र टाकले. त्यांनी आधी एका बाजूने पाहिले, मग पलीकडे जाऊन पाहिले. चिमणी कोणत्या हाताला होती हे त्यांना सांगता येईना. ‘इतकी वर्षं झाली. दोन्ही बाजूंनी खरीच वाटते,’ असे म्हणाले. आम्ही प्रश्न बदलला. सकाळच्या पाळीला फाटकातून आत शिरताना ऊन कुठे असायचे? ‘पाठीवर,’ ते लगेच म्हणाले. आणि चिमणीची सावली? ‘थंडीच्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीला ती आमच्या खात्याच्या छपरावर पडायची. आम्ही तिच्यात बसायचो नाही, उन्हात बसायचो.’

खाते चित्रात मधोमध आहे. विद्यार्थ्यांनी फळ्यावर दिशा काढल्या. सकाळचे ऊन पाठीवर, म्हणजे आत जाताना तोंड पश्चिमेला. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो आणि सावली उत्तरेला, उंचीच्या सुमारे ०.८७ पट लांब पडते. चिमणीची सावली खात्यावर पडायची असेल तर चिमणी खात्याच्या दक्षिणेला हवी. पश्चिमेकडे तोंड केले की दक्षिण डाव्या हाताला.

त्या मुलीने गिरणीच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, चिमणीच्या पायथ्याशी, ठिपका चिकटवला आणि त्यावर ४ हा आकडा घातला.